आईनं ओळखलेला चेहरा

१

रोज सकाळी आईला चहा द्यायचा आणि आपण कोण ते सांगायचं, अशी आमच्या दिवसाची सुरुवात होती.

"तुम्ही कोण हो बाई?" दोन्ही हातांनी बशी धरून आई विचारायची.

"मी नीलू. नीलांबरी. तुझी मुलगी."

आई माझ्याकडं नीट पाहायची. मग एखाद्या शेजारणीची समजूत काढावी तशा आवाजात म्हणायची, "नीलू लहान आहे हो अजून. शाळेत गेली. येईल आता."

मी तिची वेणी घालायची, खोलीची खिडकी उघडायची, आणि जिवनबाई आल्या की आईला त्यांच्या हवाली करून निघायची. जिवनबाई गावाबाहेरच्या तांड्यावरून यायच्या आणि दिवसभर आईपाशी थांबायच्या. मी हिंगोलीहून जीपनं कनेरगाव नाक्याला जायची. तिथल्या एका हायस्कूलच्या ऑफिसात मी क्लार्क आहे. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी जान्हवी पुण्यात नोकरीला. घरात मी आणि आई, आणि आईच्या मनातली ती लहान नीलू. तिची आई दिवसभर वाट पाहायची.

दिवाळीला जान्हवी आली तेव्हा तिनं हे सगळं स्वतः पाहिलं. पुण्याला गेल्यावर तिचं एक पार्सल आलं. आत क्रीमची जाड काचेची बुटकी बरणी, सोनेरी झाकण, आणि खोक्यावर लिहिलेलं: गेलेली वर्षं परत आणा.

"आई, हसू नकोस," ती फोनवर म्हणाली. "आजीला तू तरुणपणची आठवतेस. आत्ताची तू तिच्या डोक्यात नाहीसच. थोडं लावून बघ. काय सांगावं, ओळखेल."

मी हसलेच. असल्या जाहिराती मी रोज पाहते. पंचविशीतली पोरगी नसलेल्या सुरकुतीवर बोट ठेवते आणि दुसऱ्या क्षणी ती सुरकुती गेली म्हणून आनंदानं वळून बघते. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की परिणाम व्यक्तीनुसार वेगळा असू शकतो. पण फोन ठेवला आणि शेजारच्या खोलीतून आईचा आवाज आला. ती जिवनबाईंना विचारत होती, "नीलू अजून काहून आली नाही?"

त्या संध्याकाळी मी बरणी उघडली.

२

क्रीमला वास नव्हता. बोटावर घेतलं की गार लागायचं आणि लावल्याबरोबर कातडीत जिरून जायचं, तहानलेल्या जमिनीत पाणी जावं तसं.

पहिले काही दिवस चेहरा नुसता मऊ लागला. मग डोळ्यांच्या कडेच्या रेषा पुसट झाल्या. मला वाटलं, आरशावरचा बल्ब बदलला म्हणून असेल. मग नाकापासून ओठांपर्यंतच्या घड्या भरल्या. ऑफिसात शिपाई संतरामसुद्धा म्हणाला, "मॅडम, गावाला जाऊन आल्या का? तब्येत खुलली तुमची."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. जीपमध्ये मी काचेत स्वतःला पाहू लागले.

एका सकाळी तोंड धुताना बोटाला हनुवटीवर काहीतरी लागलं. मसुराच्या दाण्याएवढा खळगा. खरचटल्यासारखा नाही, पुळीसारखा नाही. आतून गुळगुळीत, कडा बसलेल्या. जखम लहानपणी व्हावी आणि सगळा जन्म ती चेहऱ्याबरोबर वाढत यावी, इतका जुना. क्रीम डाग घालवतं म्हणतात. माझ्या हनुवटीवर एक आला होता.

मी मनाशी म्हणाले, ॲलर्जी असेल.

त्याच आठवड्यात शाळेतल्या हजेरीच्या यंत्रानं मला नाकारलं. आमच्याकडं चेहरा दाखवून हजेरी लागते. मी समोर उभी राहिले, यंत्रानं लाल दिवा लावला. पुन्हा उभी राहिले, पुन्हा लाल.

"यंत्र बिघडलं असंल मॅडम," मुख्याध्यापक तातेराव सर म्हणाले. मग ते स्वतः उभे राहिले. दिवा हिरवा झाला. संतराम उभा राहिला. हिरवा. सर माझ्याकडं वळले, आणि हसता हसता त्यांचं हसू थोडं लवकर थांबलं.

३

हिंगोलीत मी एका कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं. तरुण मुलगा, शांत बोलणारा. त्यानं बरणीवरचं सगळं वाचलं.

"काकू, खरं सांगू का? यात ओलावा धरून ठेवणाऱ्या गोष्टी आहेत. त्यानं कातडी फुगते, रेषा भरल्यासारख्या दिसतात. लावणं बंद केलं की पुन्हा होत्या तशा. वर्षं परत आणणारं क्रीम अजून कुणी काढलेलं नाही. उन्हात जाताना चेहरा झाका, यापेक्षा जास्त मी काही सांगणार नाही."

"पण माझ्या सुरकुत्या गेल्यात."

"तसं वाटतं."

मी पर्समधून ओळखपत्र काढून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं फोटो पाहिला. मला पाहिलं. मग ओळखपत्र दिव्याखाली धरलं.

"हे तुमचंच आहे ना?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. बरणीचं झाकण घट्ट लावून त्यानं ती माझ्याकडं सरकवली. "तरुण दिसणं वेगळं काकू," तो हळू म्हणाला. "फोटोतली हाडं वेगळी आहेत. क्रीमनं हाडं बदलत नाहीत. हे लावू नका."

४

डॉक्टरांकडून घरी आले तेव्हा आई पलंगावर बसली होती. जिवनबाई तिच्या पायांना तेल लावत होत्या. दाराचा आवाज ऐकून आईनं वर पाहिलं.

तिचा चेहरा उजळला. मी लहान असताना ती अशी हसायची, त्यानंतर मी ते हसू पाहिलं नव्हतं. तिनं दोन्ही हात पुढं केले.

"आलीस गं! किती उशीर!"

पर्स हातातून कुठं पडली ते मला कळलं नाही. मी धावत जाऊन तिच्या कुशीत शिरले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि मी रडत होते, आणि मनातल्या मनात जान्हवीचे, त्या क्रीमवाल्यांचे, देवाचे आभार मानत होते.

आईनं माझा चेहरा वर उचलला. अंगठ्यानं हनुवटीवरचा खळगा कुरवाळला, जणू तो कुठं आहे हे तिला न पाहताच ठाऊक होतं.

"छबू," ती म्हणाली. "माझी छबू गं."

मागं जिवनबाईंचा हात थांबला. "ही छबू कोण हाय ताई?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं.

५

नाना आईचे धाकटे भाऊ. हट्ट्याला राहतात. रविवारी मी बसनं गेले. नाना ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मला रस्त्यावरून येताना पाहून ते उभे राहिले, आणि मी ओट्याशी पोचेपर्यंत तसेच उभे होते.

"नीलू ना तू?" त्यांनी विचारलं.

"हो नाना. असं काय विचारता?"

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मी त्यांना आईनं घेतलेलं नाव सांगितलं. ते खाली बसले.

"छबू तुझी थोरली बहीण. तुझ्या आधीची. पहिलीत होती. दुष्काळाच्या सालात तापानं गेली. एका दुपारी गेली. पुढं तू झालीस, तेव्हा तुझ्या आजीनं सगळ्यांना बजावलं की त्या लेकराचं नाव घरात काढायचं नाही. वासंतीअक्कानं, तुझ्या आईनं, कधी काढलं नाही."

"तिच्या हनुवटीवर काही होतं का?"

"देवीचा वण होता. तू जिथं बोट ठेवलंस ना, बराबर तिथं."

बोट मी कधी ठेवलं ते मला समजलं नव्हतं. मी ते खाली घेतलं. मी मनाची समजूत घालत होते. लहानपणी कुणीतरी बोललं असेल, माझ्या कानावर पडलं असेल. वण क्रीमनं उठला असेल. आईच्या मनात जुनं नाव वर आलं असेल. सगळ्याला काहीतरी कारण होतं.

"पण नाना, ती पहिलीतली पोर. मोठेपणी कशी दिसली असती हे कुणाला कसं कळणार?"

"नाही कळणार," नाना म्हणाले. ते माझ्या डोळ्यांकडं बघायचं टाळत होते. "पण आत्ता तुला रस्त्यावरून येताना पाहिलं, अन् माझ्या मनात आलं, किती मोठी झाली ही."

६

घरी येऊन मी बरणी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. डॉक्टर म्हणाले होते की बंद केल्यावर चेहरा पहिल्यासारखा होतो. मी वाट पाहू लागले.

होत नव्हता. उलट रोज सकाळी गाल गार आणि मऊ लागायचे, नुकतंच काही लावल्यासारखे. एका पहाटे, उजाडता उजाडता, झोपेत मला एक छोटा आवाज आला. टक्. काचेवर झाकण ठेवल्याचा. मी डोळे किलकिले केले. आई माझ्या उशाशी बसली होती. आधाराशिवाय मोरीपर्यंतही न जाणारी माझी आई. बोटांवर क्रीम घेऊन ती माझ्या कपाळावर, गालांवर, हनुवटीवर हळूहळू चोळत होती आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होती.

मी हललेही नाही. भीती वाटत होती, आणि तरी तो हात थांबू नये असंही वाटत होतं. किती वर्षांत तिनं मला असं जपलं नव्हतं.

आई सुधारत होती, हे मात्र खरं. पोटभर जेवायची. जिवनबाईंशी गप्पा मारायची. "छबू आली की वरणात गूळ घाला, तिला आवडतं," म्हणायची. मला गोड वरण कधीच आवडलं नव्हतं. त्या दिवसांत मी ते मागून खात होते.

एका दुपारी भान आलं तेव्हा मी आईसमोर फरशीवर मांडी घालून बसले होते. आमच्यामध्ये खडे होते. मी एक खडा उडवत होते, खालचे गोळा करत होते, वरचा पडायच्या आत झेलत होते. एकही चुकत नव्हता. आई टाळ्या वाजवत होती. हा खेळ मला कधीच आला नव्हता. लहानपणी मैत्रिणी मला खेळायला घेत नसत, इतका माझा हात वाकडा. आता माझे हात मला न विचारता खेळत होते. मी थांबायचं ठरवलं. ते थांबले नाहीत. डाव पूर्ण झाल्यावर थांबले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर जिवनबाई दार अडवून उभ्या राहिल्या.

"कोण पायजे?"

"जिवनबाई, मी आहे."

त्या डोळे बारीक करून पाहत राहिल्या. आवाजावरून ओळखलं असावं. बाजूला झाल्या, पण त्यांचा हात छातीवर होता. "ताई, तुमी काय करून राहिल्या हो सोताला?" त्या म्हणाल्या. "मला तुमच्याकडं बघवत न्हाई."

७

जान्हवीचा व्हिडिओ कॉल मी बरेच दिवस टाळत होते. आवाज बसलाय, नेट नाही, असली कारणं देत होते. एका दुपारी जिवनबाई तांड्यावर लग्नाला गेल्या होत्या. फोन वाजला, आणि आईनं पलंगावरून हात लांबवून तो उचलला. कुठं दाबायचं ते तिला कसं कळलं, देव जाणे. मी हातातून फोन घेतला तोवर जान्हवीचा चेहरा समोर आला होता.

"हॅलो," ती म्हणाली. मग नम्रपणे, "मावशी, तुम्ही जिवनबाईंच्या जागी आलात का? आईला देता फोन?"

"जानू," मी म्हणाले.

आवाज माझ्या घशातून निघाला. माझा नव्हता.

जान्हवीचा चेहरा बदलला. "तुम्ही कोण आहात? आई कुठंय? आईचा फोन तुमच्याकडं कसा? आई! आई!" ती माझ्या मागं, खोलीत, इकडंतिकडं शोधत होती. मी तिच्यासमोर होते आणि ती मला शोधत होती. मला बोलायचं होतं. तिचं पाळण्यातलं नाव सांगायचं होतं, तिला पटेल असं काहीतरी. मी आठवायला गेले, आणि ते नाव मला आठवेना.

फोन बंद झाला.

"ती पोरगी काहून रडून राहिली?" आईनं विचारलं.

"तिला तिची आई सापडत नाही," मी म्हणाले.

आई माझ्याकडं पाहू लागली, आणि मला वाटतं, त्या क्षणी ती आम्हा दोघींकडं, माझ्याकडं आणि छबूकडं, पाहत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. रागानं नाही. पाहुणी परत निघते तेव्हा घरच्यांचं मावळतं, तसं.

"चल," ती म्हणाली आणि उठली.

८

तिनं मला मोरीत पाटावर बसवलं. वाटीत डाळीचं पीठ आणि साय कालवली. स्वतःची साडी कशी नेसायची हे विसरलेली बाई, पण पीठ किती सैल हवं हे तिच्या बोटांना आठवत होतं. बादलीतलं कोमट पाणी तांब्यानं डोक्यावर ओतलं.

"डोळे मीट."

मी मिटले. ती माझा चेहरा चोळू लागली. खसाखसा, लहान लेकराला चोळतात तसा. दुखत होतं. कातडीखाली काहीतरी घट्ट चिकटून बसलं होतं आणि सुटायला तयार नव्हतं. मी रडत होते की कुणी दुसरं रडत होतं ते सांगता येत नव्हतं.

"छबू, ऐक माझं बाळा," आई बोलत होती. "तू मोठी झालेली मी पाहिली. माझं मन भरलं. लई मेहरबानी केलीस, दिसलीस. आता हिचं तोंड हिला दे. हिचं लेकरू हिला हुडकून राहिलंय. तसं मीबी तुला हुडकलं गं. त्या लेकराच्या नशिबी ते नको."

पाणी. पुन्हा पीठ. पुन्हा पाणी. मग चोळणं थांबलं. आईनं दोन्ही तळहात माझ्या दोन्ही गालांवर ठेवले आणि तशीच राहिली.

"टॉवेल दे गं," ती म्हणाली.

घरात आम्ही दोघीच होतो.

डोक्यावर कोरडा टॉवेल पडला. कुणीतरी माझे केस पुसू लागलं, सावकाश, मायेनं. आईचे दोन्ही हात माझ्या गालांवर होते.

मी डोळे उघडले. टॉवेलच्या कडेखालून मला फरशी दिसत होती. आईची सुजलेली पावलं, ओली. त्यांच्या शेजारी आणखी दोन पावलं. बाईची, वयस्कर, टाचांना भेगा पडलेली, लांबून चालत आल्यासारखी धुळीनं भरलेली. मोरीभर पाणी होतं आणि त्या पावलांवरची धूळ भिजली नव्हती.

मी वर पाहिलं नाही. पावलं वळली, एवढंच पाहिलं.

मग आईनं टॉवेल बाजूला केला. माझं तोंड उजेडाकडं वळवून निरखलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "अगं नीलू! काय या सुरकुत्या! उन्हातान्हात हिंडतेस, डोक्यावर पदर घ्यायला काय होतं तुला?"

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती रागावतच राहिली. मी किती वाळले, केस किती पिकले, डोळ्यांखाली किती काळं आलंय. एकेक खूण ती सांगत होती आणि प्रत्येक खूण माझी होती.

९

जान्हवी दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचली. ती शेजाऱ्यांना, पोलिसांना फोन करायच्या बेतात असतानाच मी तिला फोन केला होता. तरी ती आली. दारातच तिनं माझा चेहरा हातांत धरला आणि काही न विचारता माझ्या कपाळावर ओठ टेकवले. मी तिला थोडंच सांगितलं. बरणी कुणाच्या हाती लागू नये म्हणून मी ती रिकामी करून फोडून टाकली होती, तेही सांगितलं. ऑफिसात बायका विचारतात, ते क्रीम खरंच काम करतं का हो? मी म्हणते, साधं लावा, उन्हात जाताना लावा, आणि घरच्यांना तुम्ही आहात तशा दिसू द्या.

आईचं विस्मरण गेलेलं नाही. माझी ओळख तिला कधी लागते, कधी लागत नाही. लागते त्या दिवसाचे मी आभार मानते, लागत नाही त्या दिवशी चहाबरोबर नाव सांगते.

त्या सकाळी मात्र लागली होती. जान्हवी तिच्याजवळ पलंगावर बसली.

"तू कुणाची गं?" आईनं विचारलं.

"आजी, मी नीलूची मुलगी."

"नीलूला मुलगी झाली?" आईनं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले. "एवढी मोठी? बरं झालं गं बाई. फार बरं झालं."

मग तिनं मान वळवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहून, घरातल्या माणसाला सांगावं तशी मोठ्यानं म्हणाली, "ऐकलंस का गं? तुझ्या धाकटीला मुलगी झाली!"

आत कुणी नव्हतं. आईनं कान देऊन थोडं ऐकलं. मग ती खुदकन हसली, आणि आतून जे काही सांगितलं गेलं असेल त्याला होकार द्यावा तशी मान हलवली.

जान्हवीनं माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघींनी तिकडं पाहिलं नाही. मी मनातल्या मनात एवढंच म्हणाले, ताई, तुझे उपकार आहेत.